जावेच्या मुलाच्या शब्दांची वही

अगं कवळीवाले,

जिन्यात तुला सगळे याच नावाने ओळखतात, म्हणून मीही तेच लिहिते. राग आला तर एवढं लक्षात ठेव की माझ्या खालच्या जबड्यातले दात तू केलेले आहेत. तुझ्याशी भांडायचं झालं तरी मला तुझ्याच दातांनी भांडावं लागेल.

तुझी गोष्ट लिहून काढायला बसले खरी, पण 'तू असं केलंस, मग तू तसं केलंस' असं लिहायला लागले की तू समोर नसतानाही मधेच बोलतेस, 'तसं नव्हतं हो मावशी.' अशाने एक पान पुरं व्हायचं नाही. तेव्हा आता थोडा वेळ गप्प बस. मी 'ती' म्हणून सांगते. चुकेल तिथे पेन्सिलने खूण कर, भांडण नंतर.

ती दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत कामाला होती. पुढच्या खोलीत डॉक्टर, खुर्ची, दिवा आणि तोंड उघडून बसलेली माणसं. मागच्या खोलीत ती, स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेण, पॉलिशचं चाक, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने वाळत ठेवलेले प्लास्टरचे जबडे. कोणाचा जबडा कोणता, हे ती चिठ्ठी न बघता सांगायची. रस्त्यात माणूस भेटला तर आधी तिला त्याचे दात ओळखू येत आणि मग तोंड.

तिचा कान तर त्याहून तयार. नवी कवळी बसवली की डॉक्टर पेशंटला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावत. त्या आकड्यांत 'स' आणि 'ष' यांची अशी दाटी आहे की कवळी केसभर जरी चुकली तरी शिट्टी वाजते. ती मागे मेण कोरता कोरता नुसतं ऐकायची आणि तिथूनच सांगायची, "पुढचे दोन जरा आत घ्यायला हवेत." डॉक्टर स्वतः तपासत बसायचे नाहीत. तिने म्हटलं म्हणजे हवेत.

असा कान असलेल्या बाईच्या मुलीने दीड वर्ष एक शब्द उच्चारला नाही.

मुलीला घरात ठमी म्हणत. गोरीगोमटी, तब्येतीने चांगली, दात वेळेवर आलेले, चालायला दहाव्या महिन्यात लागली. पण हाक मारली तर वळायची नाही. बोट दाखवून काही मागायची नाही. पाणी हवं असेल तर आईचं मनगट धरून नळापाशी न्यायची आणि तो हात नळावर ठेवून द्यायची, बापाच्या पेटीतली पकड उचलून लावावी तसा. तोंडाकडे बघणं नाही. बाटल्यांची झाकणं ओळीत मांडायची, ओळ मोडली की तासभर रडायची. आनंद झाला की पंजे फडफडवायची. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा, स्वभावाने थंड. तो म्हणायचा, "बोलेल गं. मी तरी कुठे बोलतो फारसा?" आणि खरंच फारसं बोलायचा नाही.

ठमी एकटीच असती तर एवढ्यावरही निभावलं असतं. पण वरच्या मजल्यावर दीर-जाऊ राहत होते, सासूबाई त्यांच्याकडेच होत्या, आणि धाकट्या जावेला ठमीहून अकरा दिवसांनी लहान मुलगा होता. अकरा दिवसांनी मोठा असता तरी चाललं असतं. त्याला रेडिओ म्हणत, आणि ते नाव कोणी लाडाने ठेवलेलं नव्हतं.

"मुलगे उशिरा बोलतात," असं ज्या घरात मुलगा बोलत नाही तिथे म्हणता येतं. इथे मुलगा बोलत होता आणि मुलगी गप्प होती, म्हणजे तेवढीही पळवाट नाही. उलट सासूबाई म्हणायच्या, "मुली तर आधी बोलतात. तू दिवसभर लोकांच्या कवळ्या घासत बसतेस, पोरीशी बोलायचं कोणी?" धाकटी जाऊ घरी असायची. तीही काही मुलाशी गप्पा मारत बसायची नाही, फोनवर असायची. पण तिचा बोलत होता, त्यामुळे तिला कोणी काही विचारत नव्हतं.

असूया हा शब्द पुस्तकात ठीक आहे. ती जळत होती. जिना चढताना वरून रेडिओचा आवाज आला की ती पायरीवरच थांबून ऐकायची. रेडिओ 'पाणी' म्हणाला तर तिला वाटायचं, हा शब्द आता एक कमी झाला. म्हणजे जगात मोजकेच शब्द आहेत आणि हा पोरगा एकटाच सगळे उचलतोय. वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. कळून जळणं थांबत नाही.

आणि जळायचं तेही तिने व्यवस्थित केलं, कारण तिच्या हाताला दुसरी सवयच नव्हती. दवाखान्यात पेशंटच्या दातांचा रंग नोंदवायच्या जाड पुठ्ठ्याच्या वह्या असतात, तीन रकान्यांच्या. त्यातली एक कोरी तिने घरी आणली आणि रकान्यांना नवी नावं दिली: तारीख, शब्द, कोणाला म्हणाला. त्यात ती रेडिओचे शब्द उतरवायला लागली. 'जोडा, बापाला.' 'पुन्हा, मला.' 'पंखा बंद, कोणालाच नाही.' 'आजी पडली, सगळ्यांना', आणि पुढे कंसात, 'पडल्या नव्हत्या.' त्याच्या आईने एक ओळ लिहून ठेवली नसेल. जिला सगळं फुकट मिळतंय ती कशाला लिहील?

मुलं दीड वर्षाची झाली तशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी दोन्ही घरी फॉर्म दिले. मूल किती शब्द बोलतं, उदाहरणं द्या, नावाला वळतं का, बोटाने दाखवतं का, टाटा करतं का. चौकोनात खूण करायची. धाकटी जाऊ फॉर्म घेऊन खाली आली. "ताई, तुमचं अक्षर छान आहे. याचाही भरून टाका ना. मला ते चौकोन बघितले की झोप येते."

"त्याला काय काय येतं ते तरी सांग."

"तुम्हाला ठाऊकच आहे की सगळं. माझ्यापेक्षा जास्त."

ते खरं होतं. ती दवाखान्यातल्या टेबलावर, जेवणाच्या सुट्टीत, वही उघडून दोन्ही फॉर्म घेऊन बसली. पहिला ठमीचा होता. 'किती शब्द' या प्रश्नापुढे तिने पेन टेकवलं आणि शून्य काढण्याऐवजी वहीतून बत्तीस शब्द उतरवले. हाक मारली की वळते, हो. बोट दाखवते, हो. टाटा करते, हो. नंतर ती मला म्हणाली की लिहिताना तिला वाटलं, हे आज खरं नसलं तरी महिन्याभरात होईलच, तोवर कशाला कागदावर डाग.

मग रेडिओचा फॉर्म पुढे आला, आणि तिथे पंचाईत झाली. एकाच घरातल्या दोन मुलांच्या फॉर्मवर तेच बत्तीस शब्द कसे लिहिणार? त्याचे शब्द तर वापरून झाले होते. तेव्हा तिने त्याला उरलेले दिले: आई, नाही, दे, बूट. चार. बोट दाखवतो? तिथे तिने 'कधीकधी' केलं.

"एक खोटं लिहिलं की दुसरं लिहावंच लागतं हो मावशी," असं ती म्हणाली. मी तिला म्हटलं, पहिलं तू घाबरून लिहिलंस. दुसरं लिहिताना तुला गोड वाटलं होतं.

तीन आठवड्यांनी दोन कागद आले. ठमीची पुढची तपासणी एक वर्षाने. रेडिओला मात्र बोलणं तपासणाऱ्या बाईंकडे बोलावलं होतं, तातडीने.

वर एकच हलकल्लोळ. सासूबाई म्हणाल्या, "याला बोलता येत नाही? मग रोज माझं डोकं कोण खातं, शेजारचे?" दीर हसला, जाऊही हसली. पण सरकारी कागदाचा एक धाक असतो. त्याच संध्याकाळी जाऊ खाली येऊन दारातच उभी राहिली. "ताई, खरंच काही असेल का हो? नुसती बडबड करतो, पण त्यात अर्थ नसेल तर? त्यांना काहीतरी दिसलं असेल म्हणून तर बोलावलंय."

"काही नसेल," ती म्हणाली. सांगायचं होतं तर ही वेळ होती. तिने सांगितलं नाही. दोन दिवस तिला बरं वाटलं, हे मी लिहिणारच. जिन्यात जाऊ आता हळू बोलत होती, मुलाकडे टक लावून बघत होती, आणि तो एखादा शब्द दुसऱ्यांदा म्हणाला तरी दचकत होती. जशी ही दीड वर्ष जगली तशी ती दोन दिवस जगली. तिसऱ्या दिवसापासून मात्र ही जिन्यात जावेला टाळायला लागली.

तपासणीला जाऊ म्हणाली, "ताई, तुम्ही चला बरोबर. माझं डोकं चालायचं नाही तिथे." शनिवार होता, ठमीला सांभाळायला सासूबाई तयार नव्हत्या, म्हणून दोघी दोन्ही मुलांना घेऊन गेल्या.

तपासणाऱ्या बाई वयाने लहान, केस घट्ट बांधलेल्या, सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या. त्यांनी फॉर्म वाचला आणि रेडिओपुढे चेंडू धरला. "हे काय आहे?"

"बॉल. लाल बॉल. माझा मोठा आहे. पंखा का बंद?"

बाईंनी फॉर्म पुन्हा पाहिला. "चार शब्द," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"पंखा का बंद?"

"आज गार आहे म्हणून."

"मला गार नाही."

जावेचा जीव भांड्यात पडला, आणि तिला एकदम बोलायला फुटलं. "बाई, चार शब्द राहू दे, हा चार मिनिटं गप्प बसला तर मी तुमचे पाय धरीन. ताईंनी घाईत लिहिलं असेल. आमच्या घरचे दोन्ही फॉर्म त्यांनीच भरलेत, अक्षर चांगलं आहे त्यांचं."

"दोन्ही?" बाई म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्यांदा कोपऱ्यात पाहिलं.

कोपऱ्यात ठमी गाल जमिनीला टेकवून पडली होती. समोर उलटी केलेली खेळण्यातली गाडी, तिचं एक चाक ती बोटाने फिरवत होती. बाईंनी तिला हाक मारली. पुन्हा मारली, जरा मोठ्याने. मग हाताशी होता तो खुळखुळा वाजवला. खुळखुळ्याला ती वळली. नावाला वळली नव्हती. बाई सरकत सरकत तिच्याजवळ गेल्या, साबणाचे फुगे उडवले, आणि बाटलीचं झाकण घट्ट लावून बाटली तिच्या हातात दिली. ठमीने बाटलीकडे पाहिलं, बाईंचं मनगट धरलं आणि त्यांचा हात झाकणावर ठेवला. तोंडाकडे पाहिलं नाही.

"हिचा फॉर्म काढा," बाई मदतनीस बाईला म्हणाल्या.

फॉर्म आला. बाई तो मोठ्याने वाचायला लागल्या, मुद्दाम की सहज ते त्यांनाच माहीत. "जोडा."

"जोडा," रेडिओ म्हणाला आणि त्याने पाय वर केला.

"पुन्हा."

"पुन्हा, पुन्हा."

"पंखा बंद."

"हो ना," रेडिओ म्हणाला.

"आजी पडली."

यावर रेडिओ असा खिदळला की त्याला उचकी लागली. आपला माल परक्याच्या दुकानात सापडावा तसा तो एकेक शब्द ओळखून परत घेत होता. बत्तीसच्या बत्तीस. धाकटी जाऊ आधी त्याच्याकडे बघत होती, मग बाईंकडे, आणि विसाव्या शब्दाच्या सुमाराला ती मोठ्या जावेकडे बघायला लागली. ठमी चाक फिरवत होती.

बाईंनी पेन पुढे केलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. "आपण हा पुन्हा भरूया," त्या म्हणाल्या. "मी विचारते, तुम्ही सांगा." आणि रेडिओच्या तारखेवर, रेडिओच्या वेळेत, ठमीची तपासणी झाली. पहिल्या प्रश्नाला तिने शून्य सांगितलं. आधी कान तपासून घ्या, बाई म्हणाल्या. कान चांगला निघाला, तर मला यात ऑटिझमची लक्षणं दिसतात. नक्की नाव डॉक्टर देतील, त्याला महिने लागतील. तोवर थांबायचं नाही, आठवड्यातून दोनदा इथे यायचं.

बसथांब्यावर दोघी उभ्या होत्या. रेडिओ येणाऱ्या प्रत्येक बसचा रंग सांगत होता. जाऊ म्हणाली, "याचे चार कोणते लिहिलेत?"

"आई, नाही, दे, बूट."

"बूट तो म्हणत नाही. जोडा म्हणतो."

"जोडा तिकडे लिहून झाला होता."

जाऊ हसली नाही. बस आली, गर्दी होती, ती सोडली. मग ती म्हणाली, "तुम्ही त्याच्याकडे सारख्या बघायच्या. तो काय बोलतो ते विचारायच्या. मला वाटायचं, तुमचा किती जीव आहे त्याच्यावर."

पुढच्या बसमध्ये जावेने ठमीला खिडकीजवळ घेतलं, कारण तिथून चाकं दिसतात.

कान चांगला निघाला. नाव पुढे सहा महिन्यांनी मिळालं, ते तेच होतं. नवऱ्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "मग आता काय शिकायचं ते सांग." तो खरंच शिकला, ठमीच्या उंचीवर बसायचं, एकच शब्द म्हणायचा, आणि मग वाट बघायची. कमी बोलणाऱ्या माणसाला हे जमलं. बडबड करून बघणाऱ्या आईला वाट बघणं जमेना.

आणि कोणाला वाटेल, उघडं पडल्यावर तरी जळणं संपलं असेल. छे. फक्त त्याच्या पायऱ्या वाढल्या. तपासणाऱ्या बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर इतर आया बसलेल्या असत. एकीच्या मुलाने एका गुरुवारी 'गाडी' म्हटलं. हिने तिचं अभिनंदन केलं आणि घरी येऊन कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घातल्या. एकीची मुलगी बोलत नव्हती पण बोट दाखवायला लागली, हिला त्या बोटाचा हेवा वाटला. ज्यांच्या मुलांना काहीच येत नव्हतं त्यांच्याशी तिचं छान जमायचं. हे तिने स्वतः मला सांगितलं आहे, मी पदरचं काही घालत नाही.

रेडिओच्या शब्दांची वही तिने बंद केली नव्हती. 'आता कशाला?' असं मी विचारलं तर म्हणाली, "सुरुवात केली आहे तर पुरी करते." एकशे चौदाव्या शब्दानंतर तो लांबच लांब वाक्यं बोलायला लागला आणि रकान्यात मावेना, तेव्हा थांबली.

ठमीला ती शनिवारी दवाखान्यात न्यायला लागली. पॉलिशचं चाक बघत ठमी तासन्‌तास शांत बसायची. पुढच्या खोलीत कोणीतरी साठ, एकसष्ट, बासष्ट म्हणत असायचं. माझी कवळी बसली तोही शनिवारच होता. माझ्या अडुसष्टला शिट्टी वाजली, म्हणून मला तीन वेळा मोजावं लागलं.

ठमी तीन वर्षांची व्हायला आली होती. एका संध्याकाळी ती कामावरून आली तर जाऊ दारातच उभी. कामाच्या दिवशी ठमी आता तिच्याकडेच असायची. ते कोणी ठरवलं नव्हतं, बसथांब्यानंतर आपोआप झालं होतं.

"ताई, ठमी बोलली."

"काय बोलली?"

"बासष्ट."

"काय?"

"बासष्ट म्हणाली. मी दाराची कडी लावली, कडी वाजली, आणि ही म्हणाली, बासष्ट. अगदी स्वच्छ."

ती चप्पल काढायची थांबली. "तुला भास झाला असेल."

"माझ्या घरात भास व्हायला शांतता कुठे आहे?"

"मग तूच बरी सापडलीस तिला. सकाळ-संध्याकाळ मी तिच्यापुढे बसते तर मला नाही."

"अहो, तुमच्या दवाखान्यातलाच शब्द आहे तो," जाऊ म्हणाली. "आमच्याकडे बासष्ट कोण म्हणतंय? आमच्याकडे पन्नासच्या वर कोणाला मोजताच येत नाही."

नऊ दिवस तिने घरातल्या सगळ्या कड्या वाजवून पाहिल्या. साठ म्हणायची, एकसष्ट म्हणायची, आणि तोंड मिटून वाट बघायची. वाट बघायला ती त्या नऊ दिवसांत शिकली. दहाव्या दिवशी न्हाणीघरात, बादलीतल्या पाण्याकडे बघत, ठमी म्हणाली, "बासष्ट." 'स'ला शिट्टी नाही, 'ष' जागच्या जागी. तिच्या कानाने तेही टिपलं.

तिने ती वही काढली, उलटी केली आणि मागच्या बाजूने पहिलं पान उघडलं. तारीख घातली ती दहाव्या दिवसाची नाही, जावेने सांगितली ती. शब्द, बासष्ट. कोणाला म्हणाली या रकान्यात थोडा वेळ पेन धरून ठेवलं आणि मग लिहिलं, 'काकूला.'

बस, गोष्ट एवढीच. आता तू बोलू शकतेस.

तू वही माझ्याकडे आणून दिलीस त्याला आता पाच महिने होतील. म्हणालीस, "मावशी, ही तिला द्या. तिच्या पोराचे पहिले शब्द आहेत, तिने ठेवलेले नाहीत. मी दिली तर तो बसथांबा पुन्हा आमच्या मधे येऊन उभा राहील." मी हो म्हटलं. मग पान उलटताना मागच्या बाजूचे ठमीचे अकरा शब्द माझ्या नजरेला पडले. चौथा 'काकू'. 'आई' नव्हता. तू म्हणालीस, ते मी नव्या वहीत उतरवून घेते, येत्या गुरुवारी कोरी वही घेऊन येते, ही तोवर तुमच्याकडेच राहू द्या, मग तुम्ही वर नेऊन द्या. तसं ठरलं.

तू काही आली नाहीस. जिन्यात भेटतेस, दात टोचतात का विचारतेस, ठमीचं सांगतेस, वहीचं नाव काढत नाहीस. मीही काढत नाही. अकरा शब्द उतरवायला पाच मिनिटं लागतात, पण त्यासाठी वही उघडावी लागेल आणि दुसऱ्या बाजूला एकशे चौदा आहेत. परवा तुझी जाऊ रेडिओला शाळेत सोडायला निघाली होती. मी तिला दारातून हाक मारली, वही माझ्या हातात होती. ती थांबली, म्हणाली, "काय मावशी?" मी म्हटलं, "काही नाही, तुझ्या चपलेचा पट्टा सुटलाय."

सुटला नव्हता. वही कपाटात, चादरींच्या खाली आहे.